जुन्या टर्बो गाडीचे इंजिन मूळचे आहे की बदललेले, हे कसे ओळखावे

जमीन घेण्याआधी एक-चौदाचा उतारा बारकाईने वाचणारा गोवेकर जुनी गाडी घेताना मात्र आरसीवरचा इंजिन नंबर बोनेटखालच्या नंबराशी क्वचितच ताडून पाहतो. रंग, टायर, सीट आणि मीटरवरचे किलोमीटर पाहून व्यवहार ठरतो आणि इंजिनाची परीक्षा ‘आवाज बरा येतो’ एवढ्यावर संपते. टर्बो, म्हणजे धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा, असलेल्या गाडीत हा निष्काळजीपणा महागात पडतो, कारण डिझेल असो वा पेट्रोल, अशा गाडीचे इंजिन आयुष्यात एकदा बदलले गेले असण्याची शक्यता साध्या इंजिनाच्या गाडीपेक्षा जास्त असते.

इंजिन बदललेले असणे हा स्वतःहून दोष नव्हे. वॉरंटीच्या काळात कंपनीने नवा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग, बसवून दिलेला असू शकतो. किंवा मालकाने दुसऱ्या गाडीचे चांगले इंजिन रीतसर विकत घेऊन आरटीओत त्याची नोंद करून घेतलेली असू शकते. खरी अडचण तिसऱ्या प्रकाराची आहे: इंजिन बदलले, कोणालाही कळवले नाही आणि आता गाडी ‘मूळ इंजिन’ म्हणून विकली जात आहे. म्हणून तपासणी करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. इंजिन बदलले आहे का, हा पहिला. आणि बदलले असल्यास त्याचा कागद आहे का आणि ते या गाडीला साजेसे आहे का, हा दुसरा. माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. कागदासह बसवलेले निरोगी इंजिन हे तेलाविना झिजलेल्या मूळ इंजिनापेक्षा केव्हाही परवडते.

टर्बो गाड्यांतच इंजिने का बदलली जातात

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो केवळ तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल बदलायला उशीर झाला की त्याचा गाळ होतो, बारीक तेलवाहिनी तुंबते आणि बेअरिंग जाते. मग टर्बोचे सील गळून तेल इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या मार्गात, शिरते. डिझेल इंजिन हे तेल इंधनासारखे जाळू लागले, तर चावी बंद केली तरी ते थांबत नाही आणि शेवटी स्वतःची नासाडी करून घेते. टर्बोच्या पात्याचा तुकडा सिलिंडरपर्यंत पोहोचला, तरी परिणाम तोच.

दुसरे कारण आपल्या पावसाचे आहे. अनेक छोट्या टर्बो गाड्यांत इंटरकुलर, म्हणजे टर्बोने दाबलेली तापलेली हवा थंड करणारी जाळी, पुढच्या बंपरमागे खाली बसवलेला असतो. तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढताना इनटेकवाटे आत गेलेले पाणी प्रथम तिथे साचते, आणि पुढे जोराने रेस दिली की एकदम सिलिंडरमध्ये ओढले जाते. पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत, जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आणि त्याच आठवड्यात आपल्या सत्तरी-डिचोली भागात पूर आले होते. त्या पाण्यात सापडलेल्या गाड्या नंतर कुठे ना कुठे विकल्या गेलेल्या आहेत. गोव्यात विकायला येणाऱ्या जुन्या गाड्यांत सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि बेळगावहून आलेल्याही असतात. तेव्हा गाडीने कोणते पावसाळे कुठे काढले, हे विचारण्यात संकोच करू नये.

इंजिन पूर्ण बांधायला जो खर्च येतो, त्यापेक्षा अपघाती गाडीतून काढलेले तयार इंजिन बऱ्याचदा स्वस्त पडते. मुंबईचे कुर्ला, दिल्लीची मायापुरी, चेन्नईचे पुदुपेट येथील सुट्या भागांचे बाजार यासाठी प्रसिद्धच आहेत. तिथून आणलेले इंजिन चोरीच्या गाडीचे नाही, हे सिद्ध करणारा कागद मात्र प्रत्येक वेळी सोबत येत नाही.

पहिली पायरी: गाडी पाहण्याआधी कागद

विक्रेत्याकडून आरसीची दोन्ही बाजूंची प्रत मागवून घ्यावी. परिवहनच्या अॅपवर इंजिन आणि चासी नंबरातले काही अंक झाकलेले दिसतात. त्यामुळे पूर्ण नंबर मूळ आरसीवरून किंवा मालकाच्या डिजिलॉकरमधून घ्यावा. त्यानंतर शक्य तितका जुना विमा आणि गाडी नवीन घेतली तेव्हाचा फॉर्म २१, म्हणजे डीलरने दिलेला विक्री दाखला, मिळतो का पाहावे. या सर्व कागदांवर इंजिन नंबर असतो. जुन्या विम्यावरचा नंबर आणि आजच्या आरसीवरचा नंबर वेगळा असेल, तर इंजिन मधल्या काळात बदलून त्याची नोंद झालेली आहे, असा सरळ अर्थ निघतो. अशा वेळी नोंदीची तारीख आणि इंजिन खरेदीचे बिल मागावे.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा इतिहास काढता येतो, मात्र त्यासाठी मालकाची संमती लागते. त्यात ‘इंजिन असेंब्ली’, ‘शॉर्ट ब्लॉक’, ‘टर्बोचार्जर’ असे शब्द शोधावेत. त्याहून बोलका असतो तो नोंदींत अचानक पडलेला खंड. दर दहा हजार किलोमीटरला नेमाने सर्व्हिसिंग करून घेणारा मालक एके दिवशी टो करून गाडी आणतो, मोठ्या खर्चाचे अंदाजपत्रक घेतो आणि त्यानंतर त्या सेंटरमध्ये पुन्हा कधीच दिसत नाही. अशा नोंदीनंतर गाडीचे काय झाले असेल, हे वेगळे सांगायला नको.

गोव्यातली आणखी एक खास गोष्ट ‘रेंट-अ-कॅब’ची, म्हणजे चालकाविना भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीची. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली गाडी पुढे खाजगी नोंदणीत बदलून विकली जाते. अशी गाडी अनेक अनोळखी हातांनी चालवलेली असते. इंजिन थंड असताना ताणणे आणि लांब पल्ल्यानंतर लगेच बंद करणे, या टर्बोला मारक ठरणाऱ्या दोन्ही सवयी तिने भोगलेल्या असतात. आरसीवर पूर्वीच्या वापराचा मागमूस दिसला, तर पुढची तपासणी दुप्पट काळजीने करावी.

दुसरी पायरी: नंबर शोधणे

सोबत चांगली टॉर्च, छोटा आरसा, मोबाइलला जोडता येणारा लवचिक कॅमेरा, ब्रेक क्लीनर, कापड, पांढरा कागद आणि पेन्सिल असावी. गाडी पूर्ण थंड असताना जावे. टर्बो आणि एक्झॉस्टजवळ हात घालायचा असल्यामुळे ही केवळ सोयीची बाब नाही. शिवाय थंड इंजिन सुरू होताना कसे वागते, हेही त्याच वेळी कळते.

चासी नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात. सुरुवातीची तीन चिन्हे उत्पादक सांगतात: एमए३ मारुतीचे, एमएटी टाटाचे, एमए१ महिंद्राचे, एमएएल ह्युंदाईचे. हा नंबर आधी आरसीशी जुळवावा. तो जुळत नसेल तर इंजिनापर्यंत जाण्याची गरजच उरत नाही.

इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, हेडवर (ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागावर) किंवा वरच्या प्लास्टिकच्या झाकणावर नव्हे. बहुतेक आडव्या इंजिनांत ब्लॉक जिथे गिअरबॉक्सला जोडला जातो, त्या भागात एक छोटी, यंत्राने सपाट केलेली जागा असते आणि तिच्यावर नंबर कोरलेला असतो. नेमकी जागा गाडीच्या मालक-पुस्तिकेत चित्रासह दिलेली असते. टायमिंग कव्हरवर चिकटवलेले स्टिकर किंवा बारकोड हा पुरावा मानू नये, कारण कव्हर एका इंजिनावरून काढून दुसऱ्यावर सहज बसते. जागा मळलेली असेल तर क्लीनर मारून कापडाने पुसावी. पॉलिश पेपर किंवा वायर ब्रश लावू नये. विक्रेता ‘तिथे हात पोचत नाही’ म्हणत असेल, तर गाडी लिफ्टवर घेण्याचा खर्च आपण द्यावा. त्यालाही नकार मिळाला, तर घरी परतावे.

नंबर दिसल्यावर त्याचा स्पष्ट फोटो घ्यावा आणि कागद ठेवून पेन्सिल घासून त्याची छाप घ्यावी, जशी आरटीओच्या कामासाठी चासी नंबराची घेतात. छापेत खोडाखोड फोटोपेक्षा चांगली उमटते.

तिसरी पायरी: नंबर वाचणे

नंबर आरसीशी जुळला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नये. जुना नंबर दुसऱ्या ब्लॉकवर पंच करणे हा गैरप्रकार जुनाच आहे. मूळ नंबरातील अक्षरे एकाच उंचीची, एका ओळीत आणि सारख्या खोलीची असतात. काही कंपन्या बारीक ठिपक्यांनी नंबर उमटवतात, काही ठसा मारतात, काही लेझर वापरतात. ठिपक्यांच्या नंबराच्या गाडीत हातोडीने ठोकलेली अक्षरे दिसली, तर प्रश्न तिथेच मिटला. त्याच मॉडेलच्या, त्याच सुमाराच्या दुसऱ्या गाडीचा नंबर आधी पाहून ठेवला, तर फरक चटकन लक्षात येतो. म्हापसा किंवा मडगावच्या कोणत्याही मोठ्या जुन्या-गाड्यांच्या दुकानात अशी जोडगाडी सापडते.

अक्षरांभोवतीची धातूची पृष्ठभूमी नीट न्याहाळावी. कारखान्यात कापलेल्या सपाट जागेवर समांतर, बारीक रेघा असतात. ग्राइंडर मारल्यास गोलाकार किंवा तिरपे ओरखडे राहतात आणि जागा मध्यभागी किंचित खोलगट होते. बिडाच्या ब्लॉकवर वर्षानुवर्षांत गडद तपकिरी, एकसारखा गंजाचा थर बसतो. किनारपट्टीच्या हवेत ताज्या घासलेल्या बिडावर काही दिवसांतच नारिंगी गंज येतो. म्हणून बाकी ब्लॉक तपकिरी आणि नंबराची जागा तेवढी नारिंगी किंवा चांदीसारखी, हे चिन्ह वाईट समजावे. नंबरावर रंग फासलेला असेल, तर तोही संशयाचाच मुद्दा.

नंबराची जागा पूर्ण कोरी असेल तर लगेच चोरीचा निष्कर्ष काढू नये. काही कंपन्यांचे बदली ब्लॉक नंबराविना येतात. पण मग कंपनीचे बिल आणि आरटीओची नोंद असलीच पाहिजे.

नंबराच्या सुरुवातीच्या चिन्हांतूनही बरेच कळते. अनेक कंपन्या तिथे इंजिनाचे कूटनाम देतात. मारुतीच्या १.३ लिटर डिझेलवर डी१३ए, ह्युंदाईच्या १.४ लिटर डिझेलवर डी४एफसी आणि १.६ लिटरवर डी४एफबी, जुन्या इनोव्हाच्या अडीच लिटर डिझेलवर २केडी, तर त्याच पिढीच्या तीन लिटर फॉर्च्युनरवर १केडी. १.४ लिटरची व्हर्ना म्हणून नोंद असलेल्या गाडीत डी४एफबी दिसले, तर पुढचे काही पाहायची गरज नाही.

चौथी पायरी: भागांचे वय ताडणे

मला सर्वांत भरवशाची वाटणारी कसोटी हीच आहे, कारण नंबर बनवता येतो, पण इंजिनावरच्या प्रत्येक भागाची तारीख बनवणे कोणाला परवडत नाही. ब्लॉक आणि हेडच्या ओतीव धातूत अनेकदा वर्ष आणि महिना दाखवणारे छोटे घड्याळासारखे चक्र असते. अल्टरनेटर, स्टार्टर, सेन्सर, रबरी होज आणि प्लास्टिकची झाकणे यांच्यावरही तारखा असतात. गाडीच्या निर्मितीचा महिना आरसीवर असतो. इंजिनाचा ओतीव भाग त्या महिन्याच्या काही आठवडे ते काही महिने आधीचा असणे स्वाभाविक आहे. गाडीनंतर ओतलेला ब्लॉक मात्र त्या गाडीचा मूळ असूच शकत नाही. दोन-तीन वर्षे आधीचा ब्लॉकही तितकाच संशयास्पद.

एखादा अल्टरनेटर किंवा होज नवा असला, तर तो दुरुस्तीचा भाग समजावा. पण इंजिनावरचे सगळे भाग २०१३ चे आणि गाडी, तिच्या काचा, रेडिएटर व फ्यूज बॉक्स २०१६ चे, असा जथ्याने फरक दिसला, तर इंजिन आख्खे बाहेरून आलेले आहे.

हवामानाच्या खुणाही तारखांइतक्याच उपयोगी पडतात. कळंगुट, वास्को किंवा काणकोणच्या बाजूला अनेक वर्षे राहिलेल्या गाडीच्या अॅल्युमिनिअमच्या भागांवर खारट हवेने पांढरट बुरशीसारखा थर येतो आणि बोल्टची डोकी गंजतात. खाणपट्ट्यातल्या गाडीच्या फटींतून तांबडी धूळ बसते. बोनेटच्या आतील बिजागऱ्या, ब्रॅकेट आणि बॉडीच्या पत्र्यावर या खुणा आहेत पण इंजिनावर मुळीच नाहीत, तर दोघांनी आयुष्य वेगवेगळ्या ठिकाणी काढले आहे. विक्रीआधी इंजिन धुण्याची पद्धत सगळीकडे असल्यामुळे वरचा भाग पाहून उपयोग नाही. गिअरबॉक्सच्या वरचा कोपरा आणि ब्लॉकचा फायरवॉलकडचा (केबिनच्या पडद्याकडचा) भाग कॅमेऱ्याने पाहावा.

पाचवी पायरी: काढघालीच्या खुणा

इंजिन बाहेर काढायचे तर माउंटिंग, गिअरबॉक्सभोवतीचे बोल्ट, ड्राइव्हशाफ्ट, एसीचे पाइप, वायरिंगचे जोड आणि बऱ्याच गाड्यांत खालची सबफ्रेम सोडवावीच लागते. या बोल्टांच्या कडा स्पॅनरने घासल्या आहेत का, कारखान्यात मारलेल्या रंगाच्या रेघा तुटल्या आहेत का, हे पाहावे. वायरिंगच्या प्लगचे कुलूप तुटून तिथे काळी टेप गुंडाळलेली असणे, कारखान्याच्या स्प्रिंग क्लॅम्पच्या जागी स्क्रूचे क्लॅम्प येणे, टर्बोवरची उष्णतारोधक पत्री गायब होणे, खालचे प्लास्टिकचे आवरण दोनच क्लिपांवर लोंबणे, या गोष्टी एकेकट्या किरकोळ आहेत. क्लच बदलतानाही गिअरबॉक्स सुटतो. चार-पाच खुणा एका जागी जमल्या तरच त्यांना वजन द्यावे.

सहावी पायरी: टर्बो आणि इंजिन एकमेकांचे आहेत का

फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेलचे उदाहरण इथे नेमके आहे. १२४८ सीसीचे हे इंजिन स्विफ्ट आणि डिझायरपासून अर्टिगा, सियाझ, ब्रेझापर्यंत, तसेच टाटाच्या व्हिस्टा-मान्झा आणि फियाटच्या पुंटो-लिनिया अशा कितीतरी गाड्यांत होते. मात्र त्याची दोन रूपे होती. ७५ पीएसच्या (पीएस हे शक्तीचे माप) रूपात स्थिर भूमितीचा साधा टर्बो होता, तर ९० पीएसच्या रूपात आतली पाती फिरवून हवेचा मार्ग बदलणारा टर्बो होता. बाजारात ‘मल्टिजेट’ म्हणून मिळणारे इंजिन यांपैकी कोणतेही असू शकते. स्विफ्टमध्ये ९० पीएसचे इंजिन त्याच्या टर्बोसह बसवले, तर त्या टर्बोची पाती हलवणारी व्यवस्था स्विफ्टच्या ईसीएममध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, नसते. पाती एकाच जागी राहतात. मग गाडी एक तर खालच्या वेगात मेल्यासारखी चालते, नाही तर वर दाब अवाजवी वाढतो. हे टाळण्यासाठी काही गॅरेजवाले ब्लॉक एकाचा आणि टर्बो-मॅनिफोल्ड दुसऱ्याचा असे जोडकाम करतात.

म्हणून टर्बोवरची धातूची पट्टी वाचावी. गॅरेट, बोर्गवॉर्नर, आयएचआय, मित्सुबिशी असे कंपनीचे नाव आणि भागाचा क्रमांक तिच्यावर असतो. तो क्रमांक त्या मॉडेलच्या सुट्या भागांच्या यादीशी जुळला पाहिजे. पट्टी काढून टाकलेली असणे हे उत्तर नव्हे, तो आणखी एक प्रश्न आहे. टर्बोला जाणारा हवेचा पाइप सैल करून आतल्या चाकाची पाती पाहावीत. कडा तुटक्या असतील, तर इंजिन मूळचे असो वा बदललेले, व्यवहार थांबवावा. इंटरकुलरच्या खालच्या होजमध्ये तेलाचा हलका ओलावा चालतो, पण साचलेले तेल किंवा सुकलेल्या गाळाचा थर चालत नाही.

सातवी पायरी: स्कॅनर

गाडीच्या तपासणी-प्लगला लावायच्या ओबीडी स्कॅनरने ईसीएममधला चासी नंबर वाचता येतो. तो गाडीच्या चासीशी जुळणे आवश्यक आहे. मात्र ईसीएम बहुधा गाडीतच राहतो आणि इंजिन तेवढे बदलते, त्यामुळे हा नंबर जुळल्याने इंजिन मूळचे ठरत नाही. जुळला नाही, तर मात्र ईसीएमही दुसऱ्या गाडीचा आहे, हे निश्चित.

कॉमन-रेल डिझेलमध्ये, म्हणजे एकाच उच्च दाबाच्या नळीतून सर्व इंजेक्टरांना इंधन देणाऱ्या इंजिनात, याहून चांगली कसोटी आहे. बहुतेक इंजेक्टरांच्या डोक्यावर त्या-त्या इंजेक्टरच्या बारीक फरकाची भरपाई करणारा अक्षर-अंकांचा संकेत छापलेला असतो आणि तो ईसीएममध्ये भरावा लागतो. इंजिन इंजेक्टरांसह बदलले आणि मेकॅनिकने संकेत भरण्याचे कष्ट घेतले नाहीत, तर चारही संकेत जुळत नाहीत. एखादाच वेगळा असेल, तर एक इंजेक्टर बदलला असावा. यासाठी साधा ब्लूटूथ स्कॅनर पुरत नाही. चांगल्या गॅरेजमधील पूर्ण स्कॅनर लागतो.

दाबाचे आकडेही पाहावेत. चावी चालू आणि इंजिन बंद असताना मॅनिफोल्डचा दाब, आपण समुद्रसपाटीजवळ असल्यामुळे, सुमारे १०० किलोपास्कल दिसला पाहिजे. चालत्या गाडीत पूर्ण अॅक्सिलरेटरवर तो बराच वर जातो. इथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी: साध्या स्कॅनरच्या प्रमाण वाचनात हा आकडा २५५ च्या पुढे दाखवण्याची सोयच नसते, म्हणून डिझेलमध्ये तो तिथे अडकलेला दिसला, तर तो दोष समजू नये.

आठवी पायरी: चढावर चालवून पाहणे

सपाट रस्त्यावर टर्बोची परीक्षा होत नाही. कुठ्ठाळीहून वेर्ण्याच्या पठारावर चढणारा रस्ता किंवा जमल्यास चोर्ला घाट निवडावा. तिसऱ्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवरून पूर्ण अॅक्सिलरेटर द्यावा. ओढ कधी येते, ती एकसारखी वाढते की झटका देते आणि इंजिन लाइट पेटून शक्ती तुटते का, हे टिपावे. न जुळणाऱ्या टर्बोची आणि ईसीएमची भांडणे इथेच बाहेर पडतात. आदल्या दिवशी कोड पुसले असण्याची शक्यता असते, म्हणून फेरीनंतर स्कॅनर पुन्हा लावावा.

नंबर जुळला नाही, तर

ब्लॉकवर प्रत्यक्ष सापडलेला नंबर, आरसीवरचा नव्हे, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत टाकून पाहावा. चोरीच्या गाड्यांच्या नोंदीशी तिथे पडताळणी होते. तिथे नोंद सापडली, तर व्यवहार संपला आणि पुढचे काम पोलिसांचे.

नोंद सापडली नाही आणि गाडी तरीही आवडली असेल, तर इंजिनाची नोंद करून देण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत झालेला असा बदल मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचा असतो. त्यासाठी इंजिन खरेदीचे बिल, ज्या गाडीतून ते आले तिचे कागद आणि प्रत्यक्ष तपासणी लागते. कर्ज असेल, तर बँकेची संमतीही. ‘तुम्ही नावावर करून घ्या, मग बघू’ हे उत्तर स्वीकारू नये, कारण फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावर जाब द्यावा लागतो तो नव्या मालकाला. नोंद नसलेल्या इंजिनाच्या गाडीचा अपघात झाला, तर विमा कंपनीचा सर्वेक्षक नंबर पाहतोच, आणि दावा तिथे अडतो. १५ वर्षांनी नोंदणी नव्याने करतानाही नंबर तपासला जातो, आणि तोवर जुना विक्रेता फोन उचलेलच असे नाही.

नंबर जुळला असेल, तर टोकन देताना लिहून घेतलेल्या कागदावर चासी नंबरासोबत ब्लॉकवर वाचलेला पूर्ण इंजिन नंबर, टर्बोच्या पट्टीवरचा क्रमांक आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहावेत. त्याला पेन्सिलची छाप जोडावी आणि विक्रेत्याची सही घ्यावी. गाडी ताब्यात घेताना उरलेली रक्कम देण्याआधी बोनेट पुन्हा उघडून हेच आकडे पुन्हा पाहावेत.